आधी नागीण, मग कावीळ

दसरा होऊन गेला होता. हलक्या धानाची कापणी लागली होती आणि शेतमालक भय्याजींच्या बांधीत बाया ओळीनं वाकून विळे चालवत होत्या. शेजारचा केवळराम बांधीच्या धुऱ्यावरून सायकल ढकलत आला आणि तिथूनच ओरडला,

"चंद्रकला, घरी जा वो! श्यामलाल आला. ट्रकवाल्यानं फाट्यावर उतरवून देलं त्याले. आंग लय तापलं आहे त्याचं."

चंद्रकलानं हातातली धानाची मूठ खाली ठेवली, विळा कमरेला खोचला आणि ती निघाली. पायाला लागलेला चिखल घरी पोचेपर्यंत वाळून पांढरा झाला होता.

श्यामलाल, तिचा नवरा, ओसरीत खाटेवर पालथा पडला होता. अंगात सदरा नव्हता. पाठीच्या कण्यापासून निघून काखेखालून छातीकडं वळलेला फोडांचा पट्टा दिसत होता. लाल कातडीवर पाणी भरलेले फोड, लोंबीतल्या दाण्यांसारखे एकाला एक चिकटलेले. सासू गुणाबाई उशाशी बसून सुपानं वारा घालत होती.

"हात नको लावू," गुणाबाई म्हणाली. "नागीण आहे."

श्यामलालनं मान वळवली. "आली का तू? कापणी सोडून आली?"

"कापणी कोठी पळून नाई जात. तुमाले कवापासून आहे हे?"

"रायपूरच्या अल्याड. आधी वाटलं सीट लागली पाठीले. मग आग लागल्यावानी झालं."

घर ढिवरांचं, मासे धरून जगणाऱ्यांचं. श्यामलालचा बाप एकोडीच्या तलावावर जगला आणि मेला. श्यामलालही मिसरूड फुटेपर्यंत डोंगा चालवत होता. मग ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, पुढं ड्रायव्हर झाला. नागपूर, रायपूर, कलकत्ता. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा, येताना बायकोला लुगडं, आईला तंबाखू आणायचा आणि दोन दिवस नुसता झोपायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता. गुणाबाई त्यावरून सुनेला टोचायची. घरात तर टोचायचीच, विहिरीवर चार बायांतसुद्धा म्हणायची, "धानाचे पऱ्हे तं हिरवेगार दिसते बाप्पा, लोंबी मात्र येत नाई." चंद्रकला घागर उचलून चालू लागायची.

संध्याकाळच्या आत गुणाबाईनं फकिराला बोलावून आणलं. फकिरा म्हातारा ढिवर, तिचा मानलेला भाऊ. गावात कोणालाही नागीण झाली की त्यालाच बोलावत. त्यानं सहाणेवर गेरू उगाळला, अंगठा बुडवला आणि फोडांच्या कडेकडेनं, मध्ये फोड आला तर फोडावरून, लाल रेघ ओढत नेली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता.

"तोंड इकडं छातीवर आहे," तो म्हणाला. "शेपूट कण्यावर. मधात लय जागा आहे. भिऊ नोको."

"मामा, तोंड अन् शेपूट जुळली तं काय होते?" श्यामलालनं विचारलं.

"जुळत नाई."

"पण जुळली तं?"

"चूप राय ना, बाबू. मले रेघ ओढू दे."

नागीण जुळली नाही. दिवाळीच्या आत फोड सुकले, खपल्या पडल्या, जागा काळी-पांढरी झाली. पण आग गेली नाही. सदऱ्याचं कापड लागलं तरी श्यामलाल दात आवळायचा. रात्र झाली की दुखणं चढायचं. तो झोपायचा नाही म्हणून चंद्रकलाही झोपायची नाही. ती बाजूला बसून कडुनिंबाच्या डहाळीनं वारा घालायची आणि सकाळी उठून कापणीला जायची. बांधीत वाकल्यावर तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी श्यामलालनं अंगणात लघवी केली आणि गुणाबाईनं त्यावर माती ओढली. मग आत येऊन ती सुनेला म्हणाली, "त्याचे डोये तं पाह्य."

चंद्रकलानं त्याला उन्हात उभं केलं आणि पापणी खाली ओढली. डोळ्यातला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

फकिरानंही पाहिलं. "कावीळ आहे. हे माह्यं काम नाई," तो म्हणाला.

कावीळ उतरवणारा दुसऱ्या गावी होता. त्यानं मुळीची माळ श्यामलालच्या गळ्यात घातली, तेल-हळद बंद केली. गुणाबाई ऊस कापून त्याचे करवे मुलाच्या हातात द्यायची. श्यामलाल दोन चघळायचा आणि ओकायचा. पोटऱ्यांचं मांस उतरलं. अंगाला खाज सुटली ती अशी, की तो खाटेच्या दोरीवर पाठ घासायचा आणि नागिणीच्या जागेला दोरी लागली की किंचाळायचा. माळ आपोआप लांबत गुडघ्यापर्यंत आली की कावीळ गेली म्हणतात. माळ बेंबीशीच थांबली आणि तिथंच सुकली.

शेवटी त्याला साकोलीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं पोट दाबलं, पाठीवरची काळी जागा पाहिली, जिभेवरचा पांढरा थर पाहिला.

"वय काय याचं?"

"तिसाच्या आतबाहेर असन," गुणाबाई म्हणाली.

"या वयात एवढी मोठी नागीण? आणि वर लगेच कावीळ?" डॉक्टरनं पुन्हा पाठीवरची काळी जागा पाहिली. मग श्यामलालला म्हणाला, "काम काय करता?"

"ट्रक चालवतो."

डॉक्टरनं आणखी काही विचारलं नाही. "नागपूरला न्या," म्हणाला. "आजच न्या."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याला भरती करून घेतलं. रक्त काढलं. काही रक्त पुण्याला जातं आणि तिथून खबर यायला वेळ लागतो असं सांगितलं. सासू आणि सून खाटेखालच्या फरशीवर राहिल्या. चुलीवर भात टाकायला अंगणात जागा होती. खबर आली तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी त्या दोघींना बाजूच्या खोलीत बोलावून बसवलं. बाई थोराड होत्या, आवाज हळू.

"मी सगळं सांगते. कळलं नाही तर परत विचारा," त्या म्हणाल्या. "त्याला तीन दुखणी आहेत. त्यातलं एक मोठं आहे. त्याचं नाव एड्स. ते अंगातली रोगाशी झगडायची ताकद खाऊन टाकतं. रक्तातून होतं, आणि बाईमाणसाच्या संगतीतून होतं."

चंद्रकला जमिनीकडं पाहत राहिली.

"नागीण बाहेरून आली नाही. त्याला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?"

"माता आली होती," गुणाबाई म्हणाली. "एवढासाक होता. मी कडुनिंबाच्या पाल्यावर निजवला होता त्याले."

"त्या कांजिण्यांचे जंतू बऱ्या झालेल्या माणसाच्या अंगातही झोपून राहतात. तुमच्या-माझ्याही अंगात असतील. ताकद असली की ते उठत नाहीत. त्याची ताकद गेली, ते उठले. आणि ही कावीळ पाण्याची नाही. हीसुद्धा रक्ताची आहे. ती आणि तो मोठा रोग एकाच वाटेनं आले, आणि आता दोघं मिळून त्याला खाताहेत. एकटी कावीळ असती तर धडधाकट गडी त्यातून निघाला असता."

"औषध?" गुणाबाईनं विचारलं.

"काविळीला आराम आणि हलकं जेवण. नागिणीच्या आगीला गोळी देते. मोठ्या रोगाला औषध अजून निघालंच नाही, आई. असतं तर मी दिलं असतं."

गुणाबाईनं पदर तोंडाला लावला.

बाई चंद्रकलाकडं वळल्या. "त्याला हात लावल्यानं, त्याच्या ताटात जेवल्यानं, त्याचे कपडे धुतल्यानं काही होत नाही. रक्त सांडलं तर तेवढं जपायचं. आणि त्याच्याजवळ नवराबायको म्हणून जायचं नाही. मुलं किती तुम्हाला?"

चंद्रकलानं नकारार्थी मान हलवली. गुणाबाईनं मान खाली घातली आणि फरशीवरून बोट फिरवत राहिली. त्या दिवसानंतर विहिरीवरचं ते बोलणं तिच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही.

चंद्रकलाचंही रक्त काढलं. "खबर घ्यायला या," बाई म्हणाल्या. "आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा तपासावं लागेल. हा रोग कधी कधी पहिल्यांदा दिसत नाही." चंद्रकलानं हो म्हटलं. पण त्याला घेऊन गावी परतायच्या दिवशी ती त्या खोलीकडं फिरकली नाही.

गावात त्यांनी कावीळच सांगितली. पण केवळराम मधे एकदा भेटायला म्हणून नागपूरला गेला होता. चांगल्या मनानंच गेला होता, बरोबर पोह्यांचा डबा नेला होता. तिथं शेजारच्या खाटेवरच्या माणसानं त्याच्या कानात सांगितलं. केवळरामनं ते घरी बायकोला सांगितलं, आणि मग ते सगळ्या गावाचं झालं.

जड धानाची कापणी चालू होती. चंद्रकला पुन्हा भय्याजींच्या बांधीत गेली. कोणी काही बोललं नाही. पण तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया हात-दोन हात सरकून कापू लागल्या. दुपारी जेवायला बसल्या तेव्हा मनकर्णाबाई, जिच्याशी ती रोज चटणी वाटून खायची, ती जेवणाचं फडकं उचलून दुसऱ्या झाडाखाली गेली. संध्याकाळी भारे बांधून झाले. गडी येऊन डोक्यावर घेऊन खळ्याकडं जाऊ लागले. सगळ्यांचे भारे गेले. चंद्रकलानं बांधलेले तेवढे बांधीत पडून राहिले.

ती थोडा वेळ धुऱ्यावर उभी राहिली. मग वाकली, एक भारा गुडघ्यावर घेतला, तिथून डोक्यावर चढवला आणि चालू लागली. बाईचं ते काम नव्हे. मानेची शीर ताठली, ओलं धान कपाळावर टोचत होतं. खळ्याच्या तोंडाशी भय्याजी उभे होते. वाईट माणूस नव्हता तो. तिच्याकडं न बघता ते म्हणाले,

"तिथीच ठेव, चंद्रकला. खळ्यात नको येऊ. लोकं बोलतात, मी तरी काय करू?"

तिनं भारा तिथंच टाकला आणि दुसरा आणायला गेली. सगळे भारे तिनं एकटीनं आणून खळ्याच्या बाहेर रचले. कोणी मदतीला आलं नाही आणि कोणी घरीही गेलं नाही. सगळे लांब उभं राहून बघत होते. घरी आल्यावर तिची मान वळेना. गुणाबाईनं काही न विचारता तेल कोमट केलं आणि सुनेच्या मानेला चोळायला बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूचा हात तिच्या अंगाला असा कधी लागला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मारोतराव दारात येऊन गेले. आत आले नाहीत. अंगणातूनच त्यांनी सांगितलं, की श्यामलालनं तलावात उतरायचं नाही आणि गुणाबाईनं साकोलीच्या बाजारात मासोळी घेऊन बसायचं नाही. "एकोडीची मासोळी म्हटलं का गिऱ्हाईक पाटी पाहूनच पळून राहिला, गुणाबाई. पोरं आमाले बी आहेत."

"बरं," गुणाबाई म्हणाली.

तिनं मासोळीची पाटी धुऊन, उन्हात वाळवून आत टांगली.

एका दुपारी गुणाबाई सरपणाला गेली होती. चंद्रकला कडुनिंबाच्या पाण्यात फडकं बुडवून श्यामलालचं अंग पुसत होती. नागिणीच्या जागेवरून ती फडकं न्यायची नाही, नुसतं पाणी ओघळू द्यायची. कावीळ थोडी उतरली होती, पण आता तोंडात फोड आले होते. पेज गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"तू माहेरी जा," श्यामलाल म्हणाला.

"अन् तिथी काय सांगू?"

"सांग, नवरा बिघडला. खरंच तं आहे."

चंद्रकलानं फडकं पिळलं. इतके दिवस तिनं काही विचारलं नव्हतं. आता तिचा आवाज एकदम चढला.

"कोण होती ते?"

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं.

"कोण होती, सांगा ना. मले समजू तं द्या."

"एक नव्हती. धाब्यामागं झोपड्या राहतात. गाडी उभी केली, पाय मोकळे केले... सगळेच जातात."

"नाव काय होतं?"

"नाव नाई मालूम."

"एकीचं बी नाई?"

"कोणी नाव विचारत नाई तिथी."

चंद्रकलाच्या हातातलं फडकं घमेल्यात पडलं. ती भिंतीला टेकून रडली. दवाखान्यात रडली नव्हती, खळ्यावर रडली नव्हती. "जिच्यापायी माही जिनगी गेली, तिचं नाव बी तुमाले मालूम नाई! नाव असतं तं मी तिले शिव्या तरी देल्या असत्या. आता कोणाले देऊ?"

"मले दे."

"तुमाले काय देऊ? तुमच्यात काय राहिलं आहे शिव्या खायले?"

श्यामलाल हसला. फुटलेल्या ओठातून रक्त आलं. तिनं उठून दुसरं कोरडं फडकं त्याच्या हातात दिलं, आणि त्यानं ते स्वतःच ओठाला लावून धरलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "चंद्रकला, तिले बी तं हेच झालं असन. झोपडीत पडली असन कोठीतरी."

"असन."

"तिले पाणी कोण देत असन?"

घमेलं उचलून बाहेर नेताना चंद्रकला दारात क्षणभर थांबली. मग आत येऊन त्याच्या पायांशी बसली आणि राहिलेले पाय पुसू लागली.

माघ लागला तशी एक दिवस फकिरा आला. काविळीनंतर तो या घराकडं फिरकला नव्हता. दारात उभा राहून तो आपल्याच अंगठ्याकडं बघत होता.

"बाई," तो चंद्रकलाला म्हणाला, "डॉक्टरीण काय म्हणली होती? नीट सांग. मी फोडांवरून अंगठा फिरवला आहे. गेरू धुतल्यावर त्याच हातानं जेवलो. लोकं म्हणतात, फकिरा आता गेला. आता मले कोणी बोलावत बी नाई."

"हात लावल्यानं नाई होत, मामा. आमी दोघी रोज लावतो."

"पक्कं?"

"पक्कं. रक्तातून होते, अन् बाईमाणसाच्या संगतीतून होते."

फकिरानं लांब श्वास सोडला. तिथंच ओट्यावर तो मटकन बसला. "मी लय भेलो होतो, बाई," तो म्हणाला. "झोप नव्हती. म्हणून आलो नाई. तुमाले वाटलं असन, म्हातारा बेइमान निघाला."

"चहा घेता का?"

"घेतो ना. काहून नाई घेणार?"

त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. श्यामलालजवळ बसून तो तलावाच्या गोष्टी करायचा. पाणी किती उतरलं, शिंगाड्याचा वेल कुठं सुकला, बगळे कोणत्या बाजूला बसतात. श्यामलाल डोळे मिटून ऐकायचा. आता त्याला उठून बसवावं लागत होतं. अतिसारानं अंगात पाणी राहत नव्हतं. चंद्रकला कपडे धुवायला नाल्यावर जायची, गुणाबाई राख आणि माती घेऊन घर सारवायची. एकीनं मुलाचं डोकं धरायचं, दुसरीनं पेज पाजायची. दोघींचं बोलणं कमी झालं होतं. सांगायची गरज उरली नव्हती.

चैत्रात तलावाचं पाणी मध्यात गोळा झालं आणि सोसायटीनं मोठं जाळं ओढायचा दिवस धरला. वर्षातला तो एकच दिवस. गावातले सगळे ढिवर पाण्यात उतरतात, बाकीचं गाव काठच्या उंच पाळीवर बसतं. आरोळ्या घरापर्यंत ऐकू येत होत्या.

"माय," श्यामलाल म्हणाला, "मले तलाव दाखव."

गुणाबाईनं सुनेकडं पाहिलं. चंद्रकला खाली बसली आणि त्याचे हात आपल्या खांद्यावरून घेतले. पाठीवर घेतलेला तिचा नवरा तिनं आणलेल्या भाऱ्यापेक्षा हलका होता. गुणाबाई पुढं चालली. पाळीवर त्या चढल्या तसं बोलणं थांबत गेलं. पाण्यात जाळं धरून उभ्या असलेल्या गड्यांनी माना वर केल्या.

मारोतराव पुढं आले. "गुणाबाई, ठराव झाला आहे. माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे. पाण्यात उतरायचं नाई असा ठराव आहे," गुणाबाई म्हणाली. "तो उतरत नाई. डोंग्यात बसते."

"डोंगा बी सोसायटीचा आहे."

"माहा डोंगा सोसायटीचा नाई," मागून फकिरा म्हणाला. त्याचा जुना, एका बाजूनं चिरलेला डोंगा काठाच्या चिखलात होता. "माह्या बापानं कोरला आहे. बस, बाबू."

चंद्रकलानं श्यामलालला डोंग्यात टेकवून बसवलं आणि स्वतः त्याच्या मागं बसली, म्हणजे त्याची पाठ लाकडाला लागू नये. फकिरानं बांबू रोवला. डोंगा हालेना. चिखलानं धरून ठेवला होता. म्हाताऱ्यानं पुन्हा जोर केला. पाळीवरून कोणी खाली उतरलं नाही.

केवळरामनं जाळ्याची दोरी बाजूच्या गड्याच्या हातात दिली. छातीएवढ्या पाण्यातून तो चालत आला, कमरेएवढ्या, मग गुडघ्याएवढ्या. श्यामलालकडं पाहायची त्याची हिंमत झाली नाही. खाली मान घालून त्यानं डोंग्याला दोन्ही हात लावले आणि खांद्यानं रेटा दिला. डोंगा चिखलातून सुटला आणि पाण्यावर गेला.

श्यामलालनं एक हात बाहेर काढून पाण्यात सोडला. बोटांमधून पाणी जात होतं. ऊन कडक होतं, चंद्रकलानं पदर त्याच्या डोक्यावर धरला.

"थंड आहे का?" तिनं विचारलं.

"वरून गरम आहे. खाली थंड."

पाळीवर मारोतराव थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पाण्यातल्या गड्यांवर ओरडले, "पाहता काय? जाळं ओढा!"

श्यामलाल वैशाखात गेला. सकाळची वेळ होती, गुणाबाई चूल पेटवत होती. त्याचं डोकं चंद्रकलाच्या मांडीवर होतं आणि ती त्याला पाणी पाजत होती. त्यानं घोट घेतला, आणि पुढचा घेतला नाही. खांदा द्यायला फकिरा होता, केवळराम होता आणि आणखी दोघं. बाकीचे लांबून मागं चालले, पण चालले.

तेरवी झाल्यावर चंद्रकलाचा भाऊ न्यायला आला. ती गेली नाही. दिवसभर घर झाडायची, झाडलेलं पुन्हा झाडायची. जेवायची नाही. डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि आपल्या हातापायाच्या कातडीकडं ती सारखी बघायची. कुठं घामोळं उठलं तरी चोळी वर करून पाठ भिंतीच्या आरशात पाहायची. गुणाबाईनं ते पाहिलं.

"काय पाहून राहिली?"

"काई नाई."

"नागीण पाहून राहिली?"

चंद्रकला खाली बसली. "माय, मी खबर घ्यायले गेलीच नाई. पाय नाई उचलला."

"मी नेतो ना तुले," गुणाबाई म्हणाली, जणू बाजारात न्यायचं होतं.

नागपूरच्या त्याच खोलीत त्याच डॉक्टरीणबाई होत्या. श्यामलाल गेल्याचं त्यांनी ऐकून घेतलं. जुनी खबर काढून वाचली, पण काही बोलल्या नाहीत. पुन्हा रक्त काढलं आणि नंतर यायला सांगितलं. दोघी गावी आल्या आणि पुन्हा गेल्या. चंद्रकला वाटभर खिडकीच्या गजाला धरून बसली होती.

बाईंनी त्या दोघींना खुर्च्यांवर बसवलं.

"ती कावीळ तुझ्याही अंगात येऊन गेली," त्या चंद्रकलाला म्हणाल्या. "तुला कळलंसुद्धा नाही. तुझ्या अंगात ताकद होती, तिनं ती हाकलून लावली. आता ती पुन्हा येणार नाही."

"अन् मोठं?" गुणाबाईनं विचारलं. चंद्रकलाला विचारताच आलं नसतं.

"मोठं नाही. पहिल्यांदाही नव्हतं, आताही नाही. तो घरी आजारी येऊन पडला, तेव्हापासून पुष्कळ दिवस गेले. आता भीती नाही, बाई. घरी जा. जेव. झोप."

चंद्रकलाला ते एकदम समजलं नाही. ती बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. गुणाबाईनं तिचा हात धरून उठवलं आणि बाहेर आणलं. अंगणात, जिथं त्यांनी हिवाळ्यात चूल मांडली होती, तिथं गुणाबाई थांबली. सुनेची हनुवटी वर करून तिनं तिचं तोंड नीट पाहिलं, जसं एखादं लेकरू पडून उठल्यावर पाहतात.

"चाल," ती म्हणाली. "गाडी चुकन."

देवरीला जाणारी एस.टी. मिळाली. साकोलीचं तिकीट काढलं. भंडारा येईपर्यंत दोघी गप्प होत्या. वैनगंगेच्या पुलावर गुणाबाईनं वाकून नदीला हात जोडले आणि तशीच समोर पाहत बोलली,

"तुह्या भावाले निरोप धाडतो मी. पाट लावून देऊ तुहा. चांगला नवरा पाहून. आपल्यात चालते."

"हाकलून देऊन राहिली का मले?"

"हाकलाचं असतं तं कवाच हाकललं असतं. सून असती तं ठेवून घेतली असती घरात, माही सेवा कराले. पोरगी आहे म्हणून सांगून राहिली."

चंद्रकलानं गुणाबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आधी नुसतं टेकलं होतं. मग गाडीच्या हिसक्यांबरोबर ते जड होत गेलं, तोंड थोडं उघडलं, हात मांडीवरून घसरून सीटवर पडला. लाखनी आली, माणसं चढली-उतरली, कोणाची कोंबडी फडफडली. चंद्रकला हलली नाही.

"साकोली! साकोलीवाले चला," कंडक्टरनं घंटी मारली. गाडी रिकामी झाली आणि भरली. तो मागं आला. "आजी, साकोली आली ना. तुमाले उतराचं होतं."

"हळू बोल," गुणाबाई म्हणाली. "झोपली आहे पोरगी."

"मग उठवा तिले. गाडी निघून राहिली."

"नाई उठवत."

"अहो पण पुढं जंगल लागते. देवरीपर्यंत नाही थांबत आता."

"मग देवरीचं तिकीट दे. दोघींचं. तिथून येऊ वापस."

कंडक्टरनं त्या दोघींकडं पाहिलं. टोपी मागं सारली, तिकिटं फाडली आणि गुणाबाईच्या मोकळ्या हातात ठेवली. गाडी निघाली. उतरतं ऊन मागच्या खिडकीतून आत येऊन चंद्रकलाच्या तोंडावर पडलं होतं. गुणाबाईनं खांदा न हलवता, दुसऱ्या हातानं पदर ओढून घेतला आणि तिच्या डोळ्यांवर आडवा धरून बसली.